पाठमोऱ्या बसायच्या आमच्या बाई

मदत केली ती गजभिये बाईंनी. कसली मदत, कधी, कशासाठी ते पुढे येईलच, पण नाव आधी लिहिते. मला लिहायची सवय नाही. मध्येच कुठे अडले, धीर सुटला, तर निदान नाव तरी छापून यावं. यमुना गजभिये. तुमसरकडच्या एका अध्यापक विद्यालयात शारीरिक शिक्षणाच्या बाई. मागच्या महिन्यात त्या गेल्या.

बातमी पत्रानं आली. मी इथे पुण्याकडे, चिंचवडच्या पुढच्या एका वस्तीत राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी चुलीवर होती आणि पोस्टमननं निळं अंतर्देशीय हातात दिलं. अक्षर प्रमिलाचं. प्रमिला ही बाईंची विद्यार्थिनी, आता सिहोऱ्याच्या पलीकडे एका खेड्यात एकशिक्षकी शाळा चालवते. पहिल्याच ओळीत तिनं लिहिलं होतं, "शेवंताबाई, आपल्या बाई गेल्या." पुढचं वाचेपर्यंत खिचडी खाली लागली. पोरांना तशीच वाढली. एकानंही तोंड वाकडं केलं नाही... पोरांना कळतं.

आधी मी कोण ते सांगायला हवं, नाहीतर बाई काय होत्या ते कळायचं नाही. माझं गाव आसगाव, पवनी तालुक्यातलं. घरी थोडी धानाची शेती. शाळा सहावीच्या मध्यावर सुटली. कोणी म्हणेल गरिबीनं सुटली, लग्नानं सुटली. तसं नाही. माझी शाळा कवायतीनं सुटली. मला डावं-उजवं कळायचं नाही. गुरुजींनी "डावीकडे वळ" म्हटलं की सगळी रांग तिकडे आणि मी एकटी इकडे, समोरच्या मुलीच्या तोंडाला तोंड लावून. एक दिवस गुरुजींनी तणसाची काडी आणवली, सगळ्यांसमोर माझ्या डाव्या पायाला बांधली आणि म्हणाले, "आता तरी समजन का बैलाले?" धानाचं तणीस बैल खातात, म्हणून ते म्हणणं. आठवडाभर ती काडी बांधून मी घरून शाळेत आणि शाळेतून घरी गेले. वाटेत पोट्टे हंबरायचे. आठव्या दिवशी मी गेलेच नाही. आईनं विचारलं, "काहून वं, शाळेत नाही जात?" मी म्हटलं, पोटात दुखते. ते दुखणं पुढं बारा-तेरा वर्षं टिकलं.

लग्न होऊन तुमसरला आले. नवरा तांदळाच्या गिरणीत हमाल. अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी होती, मी लागले. आणीबाणी उठली होती त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. स्वयंपाकघराचं दार थेट मैदानाकडे उघडायचं. त्या दारातून मी पहिल्यांदा बाईंना बघितलं. पांढरं पाचवारी पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. समोर चाळीस पोरी, पुढे गावोगाव प्राथमिक शाळेत शिकवायला जाणाऱ्या. सगळ्या रांगेत, हात बाजूला, आता कवायत होणार म्हणून श्वास रोखलेल्या. बाईंनी शिट्टी गळ्यातून काढली आणि मैदानातल्या आंब्याच्या फांदीला अडकवली.

"ही वर्षभर इथंच राहीन," त्या म्हणाल्या. "उद्या तुमची ऑर्डर निघन. कोणी सिहोऱ्याकडे, कोणी पार जंगलात. चार वर्ग, एक खोली, अन् तुम्ही एकट्या. तिथं मी नसन. नवा खेळ आला तं कोणाले विचारसान? म्हणून आतापासूनच मले विचारू नका. तुम्हाले जे येत नाही असं एक सांगा. तेच शिकायचं. कसं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

पोरी एकमेकींकडे बघत राहिल्या. एक धीट पोरगी म्हणाली, "मंग बाई, तुम्ही काय करसान?"

"मी दोऱ्या वळीन," बाई म्हणाल्या.

आणि खरंच वळल्या. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे सोललेले धागे, घेऊन त्या आंब्याखाली बसायच्या, उड्यांच्या दोऱ्या वळायच्या, फाटलेले चेंडू शिवायच्या, आणि हे सगळं पोरींकडे पाठ करून. पहिल्यांदा मला वाटलं, कामचुकार बाई आहे. ऑफिसातल्या क्लार्कलाही तसंच वाटायचं. तो जाता-येता म्हणायचा, "क्या बाई, पगार पाठीचा घेता का?" पण पोरी सारख्या मागे वळून बाईंचं तोंड शोधायच्या, बरोबर झालं का, चुकलं का, आणि तिथे तोंडच नसायचं. मग हळूहळू त्या आपल्या हाताकडे, पायाकडे बघायला लागल्या. प्रत्येकीला एक वही ठेवावी लागे. त्यात आज काय जमलं ते लिहायचं नाही. आज काय जमलं नाही, आणि उद्या त्यात काय बदलणार, एवढंच. ती वही मात्र बाई रोज वाचायच्या, शब्दन् शब्द, आणि कडेला प्रश्न लिहायच्या. उत्तर कधीच लिहायच्या नाहीत.

प्रमिलाला चेंडूचं भेव होतं. चेंडू आला की डोळे गच्च मिटायची. तिनं झेल शिकायचं ठरवलं. पहिल्या दिवशी चिंध्यांचं उशीएवढं बोचकं केलं, म्हणजे लागलं तरी लागू नये. ते स्वतःच वर फेकायची, स्वतःच धरायची. मग बोचकं लहान केलं. मग भिंतीवर मारून परत येणारं धरलं. मग मैत्रिणीनं फेकलेलं. तीन आठवडे गेले. हे सगळं तिच्या डोक्यातून निघालेलं, बाईंनी एक अक्षर सांगितलं नव्हतं. बाईंनी वहीच्या कडेला एवढंच लिहिलं होतं, "डोळे केव्हा मिटतात? फेकताना की येताना?" ती पोरगी दोन दिवस त्याच प्रश्नाच्या मागे होती.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. नाही लिहिली तर हा लेख खोटा. बाई बौद्ध समाजाच्या. मी वसतिगृहात लागले तेव्हा पहिले दोन महिने त्यांचा चहाचा कप मी वेगळा ठेवला होता, फळीच्या टोकाला, उपडा. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. घरून आणलेली अक्कल. एक दिवस बाई स्वयंपाकघरात आल्या, त्यांनी तो कप उचलला, मोरीवर बसून धुतला, मग फळीवरचे सगळे कप एकेक करून खाली घेतले, तेही धुतले, आणि सगळे एकत्र मांडून निघून गेल्या. माझ्याकडे बघितलं नाही. त्यातला त्यांचा कोणता ते मला मग ओळखू येईना... आजही मान खाली जाते. आणि अशा बाईनं पुढे माझ्यासाठी काय केलं ते वाचा.

दुपारच्या वेळी मी दारात उभी राहून मैदानाकडे बघत असे. एकदा बाई पाणी प्यायला आल्या, म्हणाल्या, "रोज बघून राहिली. तुले काय येत नाही?"

"मले तं काहीच येत नाही, बाई."

"असं नसते. चाळीस पोरींचं वरण एका चवीचं करते तू रोज. एक सांग, जे येत नाही."

का कोण जाणे, तोंडातून निघालं, "डावं-उजवं." आणि मग तणसाची काडी, हंबरणारे पोट्टे, सगळंच निघालं. नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. बाईंनी पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुले डाव्या-उजव्याचं भेव नाही वं. तुले त्या काडीचं भेव आहे. शिकायचं का?"

"कोण शिकवन?"

"कोणीच नाही," असं म्हणून त्या गेल्या.

मला राग आला. रागातच शिकले म्हणा. माझ्याकडे वही नव्हती, भिंतीवर कोळशानं रेघा मारायची, चुकलं की एक रेघ. पहिल्या दिवशीच्या रेघा मोजल्याच नाहीत. मग एकदा वरण घोटताना लक्षात आलं, रवी हातात घ्यायची तर कोणता हात जातो हे मी कधी कोणाला विचारत नाही. तो आपोआप जातो. तो उजवा. मग रवी हातात घेऊन वळायला लागले. रवीकडे वळलं की उजवं, रवी सोडून वळलं की डावं. झाकणं पडायची, पोरी डोकावायच्या, "शेवंताबाई, का करून राहिल्या?" मी म्हणायची, "तुमची परीक्षा, तशी माझी." मग रवी खाली ठेवली आणि हात नुसताच हवेत घोटायला लागले. भिंतीवरच्या रेघा रोज कमी होत गेल्या. बाई येत-जात, भिंतीकडे बघत आणि काही म्हणत नसत. एकदाच म्हणाल्या, "कोणी ओरडलं तं जमन का?" बस. तेवढा एक प्रश्न. मग मी एका पोरीला दारातून ओरडायला लावलं, आणि रेघा पुन्हा वाढल्या.

मार्चच्या शेवटी पोरींची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरून परीक्षक येत, जवळच्या प्राथमिक शाळेतली मुलं मैदानावर आणत, आणि छात्राध्यापिकेनं त्यांच्यावर पाठ घ्यायचा. आता सगळ्या जगाला माहीत असलेली एक गोष्ट लिहिते. ती मुलं पढवलेली असत. आठ-आठ दिवस आधी तोच पाठ त्यांच्याकडून घोटून घेतलेला असे. परीक्षकाला माहीत, प्राचार्यांना माहीत, मुलांनाही माहीत. बाईंनी त्या वर्षी सांगितलं, माझ्या पोरी पढवलेल्या मुलांवर पाठ घेणार नाहीत. आमच्या विद्यालयाचे प्राचार्य चिडले. क्लार्क म्हणाला, "बाई, नोकरी भेटली हे पुरे नाही का तुमच्या लोकाले?" बाई म्हणाल्या, "नोकरी भेटली म्हणूनच बोलून राहिली. नाहीतं कोण ऐकलं असतं?"

प्रमिलाच्या पाठाला पुरेशी मुलंच आली नाहीत. मोहफुलांचे दिवस होते, पहाटेपासून पोट्टे फुलं वेचायला रानात, अख्ख्या वर्गातले सात जण हजर. परीक्षक खुर्चीवर बसलेले, टाय बांधलेला, घाम पुसत होते. म्हणाले, "सात मुलांवर पाठ होत नाही. अनुपस्थित लिहितो." अनुपस्थित राहिलेलीला ऑक्टोबरची परीक्षा देता येत नसे, म्हणजे पोरीचं वर्ष गेलं. तिचा बाप मॅंगनीजच्या खाणीत मजूर होता, तिला पुन्हा वर्षभर शिकवण्याची त्याची ऐपत नव्हती.

बाई उठल्या, सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. "शेवंता, भांडेवाल्या दोघींना घे अन् मैदानावर चल. शिकणारा तो शिकणारा." मी म्हटलं, "बाई, मले रांगेत उभं राहता येत नाही." त्या म्हणाल्या, "मले माहीत आहे. म्हणून तं."

आम्ही जाऊन रांगेत उभ्या राहिलो, आणि परीक्षकांनी कुरकुरत का होईना, पाठ होऊ दिला. सात मुलं आणि तीन बाया, हाताला पिठाचे डाग. प्रमिलानं पाठ सुरू केला. दिशा ओळखण्याचा खेळ होता, ज्यानं त्यानं आपली खूण आपण शोधायची. पोरं रमली होती. परीक्षकांना दम निघेना. ते उठून पुढे आले आणि त्यांनीच आज्ञा दिली, "वर्ग, सावधान! डावीकडे... वळ!"

मी उजवीकडे वळले. भांडेवालीच्या तोंडाला तोंड लावून.

क्लार्क हसला. परीक्षक म्हणाले, "हे तुमचं शिक्षण? बाई, इकडे बघा जरा." बाई आंब्याखाली बसल्या होत्या, पाठमोऱ्या, हातात वाख. वळल्या नाहीत. तशाच म्हणाल्या, "मी बघितलं तं ती माझ्याकडे बघन, सर. मंग तिले तिचे पाय दिसनार नाही."

मला पळून जायचं होतं. स्वयंपाकघराचं दार वीस पावलांवर होतं. पण त्या पाठीकडे बघितलं... ती वळली असती, बाईंच्या डोळ्यांत दया असती, तर मी गेलेच असते. मी हवेत हात घोटला. सगळे हसले. हसू दिलं. मनात म्हटलं, हा उजवा, म्हणजे तो डावा, आणि वळले. मग परीक्षकांना म्हटलं, "सायेब, पुन्हा म्हणा."

ते थबकले. "काय?"

"पुन्हा म्हणा. जोरात म्हणा."

त्यांनी म्हटलं. मी वळले, बरोबर. "पुन्हा म्हणा." चुकले. "पुन्हा म्हणा." साहेबांचा आवाज चढत गेला आणि माझा पण. दहा वेळा झालं असेल. दोनदा चुकले, दोन्ही वेळा स्वतःच फिरून उभी राहिले. शेवटच्या चार वेळा हात हललाच नाही. पोट्टे टाळ्या वाजवायला लागले. साहेबांनी प्रमिलाकडे वळून विचारलं, "ती चुकली तेव्हा तू का सुधारलं नाहीस?"

प्रमिला म्हणाली, "ती सुधरून राहिली होती ना, सर. मी मधात कायले जाऊ?"

त्यांनी कागदावर शेरा लिहिला, "शिक्षिका निष्क्रिय." पाठात नापास. ऑक्टोबरमध्ये प्रमिलानं पाठ पुन्हा दिला आणि पास झाली, त्यात तिची पहिल्या यादीतली नेमणूक हुकली. हे मी लपवत नाही. बाईंच्या वागण्याची किंमत दुसऱ्या कोणी मोजली, असं म्हणणारे आजही आहेत. मी प्रमिलाला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "शेवंताबाई, ज्या खेड्यात मी आहे तिथं मले दर आठवड्याले काही ना काही येत नाही. पहिल्या यादीतल्या आल्या असत्या तं पळाल्या असत्या." प्राचार्यांनी बाईंकडून दिलगिरीचं पत्र मागितलं. बाईंनी एका ओळीचं दिलं, "मी पाठमोरी बसते. पुढेही बसेन." दोन वर्षं त्यांना परीक्षेच्या कामातून काढून टाकलं होतं. त्या दोन वर्षांत त्यांनी जास्त दोऱ्या वळल्या, एवढाच फरक.

पुढे नवऱ्याची गिरणी सुटली, आम्ही इकडे आलो. तुमसर रोड स्टेशनवर बाई आल्या होत्या. मी रडत होते, इतक्या लांब कशी राहीन, तिकडची भाषा वेगळी, माणसं वेगळी. बाई म्हणाल्या, "तिकडं तुले काय काय येनार नाही ते लिहून पाठवजो." मी पाठवत राहिले. त्यांची उत्तरं यायची, तीही प्रश्नच.

प्रमिलानं पत्रात पुढे लिहिलं होतं की शेवटच्या चार महिन्यांत बाईंची डावी बाजू गेली होती. प्रमिला दर रविवारी भेटायला जाई. बाई डाव्या हातानं पेला उचलायचा प्रयत्न करत, आणि पेला पडे. ही उचलून द्यायला धावली तर म्हणाल्या, "तिकडं तोंड कर." मग ही भिंतीकडे तोंड करून बसे, आणि मागे पेला पडल्याचा आवाज येई. पुन्हा येई. उजव्या हातानं लिहिलेली वही उशाखाली होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "पेला बोटभर उचलला गेला, मग सुटला. उद्या आधी पाणी कमी घ्यायचं."

आता इथलं सांगते आणि संपवते. आमच्या अंगणवाडीत नंदा नावाची नवी सेविका आली आहे, एकोणीस वर्षांची. वरच्या बाईंचा, म्हणजे पर्यवेक्षिकेचा, निरोप आहे, पंधरा ऑगस्टला साहेब येणार, पोरांना रांगेत चालायला शिकवा, चुकणाऱ्याला मागे उभं करा. मी त्यांना तोंडावर सांगितलं, मी कोणालाही मागे उभं करणार नाही. मदतनीस असून मी असं बोलले. परवा मला ऑफिसात बोलावलं आहे, आणि हे छापून आल्यावर आणखी एकदा बोलावतील. भीती वाटते, खोटं कशाला बोलू, रात्रीचं जेवण जात नाही. पण काडी मी बांधणार नाही आणि बांधू देणार नाही.

नंदा मला रोज विचारते, ताई, खेळ कसे घ्यायचे ते तुम्हीच सांगा ना. मी भांडी घासते आणि म्हणते, तुला कोणता येत नाही ते सांग. ती चिडते. हा लेख तिनंच शुद्ध करून लिहिला, तेव्हाही चिडलेलीच होती. काल मात्र तिनं पोरांना घेऊन काहीतरी भलताच खेळ केला. अर्धा फसला. संध्याकाळी एकटीच अंगणात उभी राहून तो पुन्हा करून बघत होती. मी हाक मारली नाही.

बाई, तुमचं देणं मी फेडीन. आज नाही, माझं बस्तान अजून बसायचं आहे. पण एक दिवस या पोरीला घेऊन तुमसरला येईन, तुमच्या पोरी जिथे जिथे शिकवतात त्या शाळा तिला दाखवीन, आणि प्रमिलासमोर तिला उभी करून सांगीन, बघ, हिला मी काहीच शिकवलं नाही.